एका जीपची पाठचिकित्सा

१

शेलारच्या आमच्या घरामागे, अण्णांच्या यंत्रमागांच्या शेडला लागून, एक जीप नऊ वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. अण्णा २०१५ साली गेले. त्याच्या चार वर्षे आधीच त्यांनी ती चालवणे सोडले होते. दिवाळीच्या आधी भंगारवाले येत, ताडपत्रीचे टोक उचलून पाहत आणि किलोचा भाव सांगत. आई त्यांना चहा पाजून परत पाठवी. नदीनाक्याकडून येणारी धूळ आणि मागांतून उडणारा सुताचा तूस यांचा एक करडा थर त्या ताडपत्रीवर बसला होता. पावसाळ्यात त्या थरावर गवत उगवे.

मार्च २०२० मध्ये भिवंडीतले माग बंद झाले. ज्या गावात दिवसरात्र खटखट ऐकू येते, त्या गावात ती थांबली की माणसाला झोप लागत नाही, हे तेव्हा कळले. महाविद्यालयही बंद होते. मी तिथे मराठी शिकवतो. पदव्युत्तर वर्गाला पाठचिकित्सा शिकवण्याचे काम अनेक वर्षे माझ्याकडे आहे. हस्तलिखितांचे वंशवृक्ष, लेखकूंचे प्रमाद, प्रक्षेप, संहितानिश्चिती हे सारे शब्द मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिले आहेत, की त्यांच्या अर्थाकडे माझे लक्ष राहिले नव्हते. एप्रिलमधल्या एका दुपारी मी ताडपत्री काढली. हे शब्द पुढल्या तीन वर्षांत हातांनी पुन्हा शिकावे लागतील, याची तेव्हा कल्पना नव्हती.

माझा हेतू अगदी सरळ होता. ही जीप दुसऱ्या महायुद्धातली आहे, असे अण्णा नेहमी सांगत. १९७४ साली वाड्याच्या एका लाकूड ठेकेदाराकडून त्यांनी ती घेतली होती. ठेकेदाराकडे ती 'डिस्पोजल'मधून, म्हणजे युद्धानंतर सरकारने विकून टाकलेल्या लष्करी सामानातून आलेली होती. मला ती पुन्हा तशी करायची होती. मळकट हिरवा रंग, बॉनेटवर पांढरी चांदणी, मागे पत्र्याचा पेट्रोलचा डबा. अण्णांनी आणि त्यांच्या आधीच्या मालकांनी तिच्यावर जे जे चढवले होते ते सारे उतरवायचे आणि मूळ रूप बाहेर काढायचे. 'मूळ रूप' हे दोन शब्द मी तेव्हा फार सहज उच्चारत होतो.

२

मूळ रूपाची चौकशी सुरू केली तेव्हा पहिल्यांदा हे लक्षात आले, की जीपला एकच एक कर्ता नाही.

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी सैन्याला एक हलके, चारही चाकांना जोर देणारे टेहळणीचे वाहन हवे होते. बँटम या लहानशा कंपनीने ते स्वीकारले. कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या अभियंत्याने दोन दिवसांत आराखडा काढला आणि सप्टेंबर १९४० मध्ये पहिले वाहन सैन्याच्या दारात उभे राहिले. ते पसंत पडले. पण एवढी लहान कंपनी लाखांनी गाड्या कशा बांधणार, या शंकेने सैन्याने ते आराखडे विलीज आणि फोर्ड या दोघांना पाहू दिले. विलीजचे इंजिन सर्वांत दमदार ठरले, म्हणून विलीजचा नमुना प्रमाण मानला गेला. फोर्डने समोरची जाळी एकाच पत्र्यातून ठोकून काढण्याची युक्ती आणली. ती स्वस्त होती, म्हणून विलीजनेही उचलली. पुढे तीच जाळी जीपची ओळख झाली. बँटमच्या वाट्याला तीन हजारांहूनही कमी जीपा आल्या. १९४१ ते १९४५ या काळात विलीजने साडेतीन लाखांहून अधिक आणि फोर्डने पावणेतीन लाखांहून अधिक जीपा बांधल्या.

विलीजच्या जीपेला एमबी म्हणतात आणि फोर्डच्या जीपेला जीपीडब्ल्यू. यातले शेवटचे अक्षर विलीजचे आहे. म्हणजे फोर्डची प्रत आपल्या नावातच कबूल करते, की मी दुसऱ्याच्या संहितेवरून उतरवलेली आहे. मात्र उतरवणाऱ्याचा अभिमानही काही थोडाथोडका नव्हता. आपल्या सुट्या भागांवर, अगदी बोल्टांच्या डोक्यांवरही, फोर्डने आपले 'एफ' हे अक्षर उमटवले. दोन्ही कारखान्यांचे भाग एकमेकांना बसावेत अशी सैन्याची अट होती, आणि ते बसतही. रणभूमीवर मोडलेल्या दोन जीपांतून एक चालती जीप उभी करणाऱ्या कारागिराला कोणता भाग कोणत्या शाखेचा आहे हे पाहण्याची गरज नव्हती. आपल्याकडे एखादा लेखकू समोर दोन पोथ्या ठेवून तिसरी उतरवतो, एका पोथीचे पान फाटलेले असले की दुसरीवरून भरून काढतो, आणि शेवटी हाती येणारी पोथी कोणत्या घराण्याची हे सांगणे कठीण होते. पाठचिकित्सेत अशा प्रतीला मिश्र प्रत म्हणतात आणि संपादक तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. लष्करी जीपांपैकी बहुतेक अशाच.

स्वतंत्र भारतालाही जुन्या जीपांचा एक अनुभव फार लवकर आला. १९४८ मध्ये, काश्मीरची लढाई सुरू असताना, लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी वापरलेल्या जीपा नीट करून पाठवण्याचा करार केला. १५५ जीपा येऊन पोचल्या आणि त्या लष्कराच्या कामाच्या ठरल्या नाहीत. संसदेत बरीच वर्षे गाजलेले हे प्रकरण सरकारने १९५५ मध्ये मिटल्याचे जाहीर केले. 'दुरुस्त करून मूळच्यासारखी' या शब्दांवर किती विसंबावे, हा प्रश्न या देशात असा जुना आहे.

३

मे महिन्यात मी जीपेच्या तळाशी आडवा झालो. चासीच्या पुढच्या टोकाला दोन बाजू जोडणारा एक आडवा तुकडा असतो. विलीजच्या जीपेत तो गोल नळीचा असतो. फोर्डच्या जीपेत चौकोनी, उलट्या पन्हळीसारखा. आमचा चौकोनी निघाला. मग तासून, घासून, रॉकेलच्या चिंधीने पुसून बोल्ट पाहू लागलो. पहिला 'एफ' मागच्या पाट्याजवळ दिसला. तो दिवस मला एखादे हस्तलिखित सापडल्यासारखा वाटला. जीप फोर्डची होती. मी घरात जाऊन आईला सांगितले. तिने विचारले, "मग आता जास्त पैसे येतील का?"

पुढचे दिवस मात्र उत्साह कमी करणारे होते. जाळीला नऊ फटी होत्या, म्हणजे ती युद्धकाळातली. पुढे नागरी वापरासाठी निघालेल्या जीपांना सात असतात. पण मागचा सारा टब, म्हणजे बसण्याची पत्र्याची पेटी, कुठल्या तरी देशी कारागिराने ठोकून बनवलेली होती; पत्रा जाड, कडा हाताने वळवलेल्या. पुढच्या दिव्यांना बिजागऱ्या होत्या. लष्करी जीपेचे दिवे उलटे फिरवता येतात, रात्री बॉनेट उघडून काम करताना त्यांचा उजेड इंजिनावर पडावा म्हणून. आमच्या जीपेची डावी बिजागरी मूळची होती. उजवी मात्र दरवाज्याची बिजागरी कापून बसवलेली. स्टिअरिंग डावीकडे होते, तेवढे कोणी बदलले नव्हते.

बॉनेटचा रंग मी पॉलिश पेपरने पाणी लावून थराथराने उतरवला. वर अण्णांचा पिवळा. त्याखाली ठेकेदाराचा निळा. त्याखाली काळा, तो कोणाचा हे सांगणारे आता कोणी नाही. काळ्याखाली तांबूस प्राइमर आणि त्याखाली, नखाएवढ्या जागेत, तो मळकट हिरवा. दोन दिवस त्या नखाएवढ्या जागेभोवती फिरत राहिलो. तिसऱ्या दिवशी हिरव्यावर पांढऱ्याचा एक तिरपा काठ उमटला, मग दुसरा. चांदणीचे एक टोक होते ते.

इथे थांबून मला एक कबुली द्यायला हवी. त्या टोकाने मी इतका हरखलो, की पुढचा प्रश्न स्वतःला विचारायला आठवडा लागला. चांदणी बॉनेटवर आहे. पण बॉनेट या जीपेचे आहे का? बॉनेट बिजागरीवर बसते आणि अर्ध्या तासात बदलता येते. चासी एका जीपेची, बॉनेट दुसरीचे, टब मुंबईतल्या कुठल्या गल्लीतला. शेलारपासून फार लांब नाही तिथे, कल्याणला, युद्धकाळात मोठी लष्करी छावणी होती. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. आमची जीप त्याच छावणीत हिंडलेली असणार, असे मी मनाशी ठरवूनही टाकले होते. वर्गात विद्यार्थी एखाद्या कवीच्या चरित्रात असेच रिकाम्या जागी आपले आवडते गाव घालतात तेव्हा मी लाल पेन उचलतो.

४

अण्णांनी १९८६ साली जीपेतले पेट्रोलचे इंजिन काढून मॅटेडोरचे डिझेल इंजिन बसवले होते. कारण उघड होते. युद्धातले ते चार सिलिंडरचे, २,१९९ घनसेंटीमीटरचे इंजिन साठ अश्वशक्ती देत असे. पण लिटरमागे सहा-सात किलोमीटरच्या पुढे ते गेले नाही. अण्णांचे काम सुताची पोती आणणे, भरलेले बीम सायझिंगवरून मागावर पोचवणे, कापडाचे तागे दलालाकडे टाकणे असे होते. मीटरमागे पैशांत नफा मोजणाऱ्या माणसाला पेट्रोल परवडत नव्हते. इंजिन बसवण्यासाठी त्यांनी चासीवर दोन जागी पट्ट्या वेल्ड केल्या, रेडिएटर पुढे सरकवला, सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्टची घातली. माझ्या यादीत या साऱ्यापुढे एकच शब्द होता: प्रक्षेप.

त्या यादीत आणखी एक नोंद होती. उजव्या बाजूला, चासीला जोडलेली, हातभर लांब लोखंडी पायरी. लष्करी जीपेला दारे नसतात. टांग टाकून चढायचे आणि पट्टा अडकवायचा. १९८३ मध्ये आजीचे गुडघे धरले. तिला दर चैत्रात वज्रेश्वरीला जायचे असे. अण्णांनी एका मोडलेल्या मागाची पट्टी कापून ती पायरी केली. आजीनंतर आई तिच्यावरून चढत आली.

डिझेल इंजिन कसे काढायचे याचा मी विचार करत होतो, तेव्हा आईने २६ जुलै २००५ ची आठवण काढली. त्या दिवशी मी पुण्यात होतो आणि दोन दिवसांनी घरी पोचलो. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुंबईच्या त्या पावसावर पुष्कळ लिहिले गेले. कामवारी नदीच्या काठच्या वस्त्यांचे काय झाले, हे ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांनाच आठवते. खालच्या बाजूच्या मागांच्या खोल्यांत कामगार झोपत. काहींचे कुटुंबही तिथेच. संध्याकाळी पाणी चढू लागले तसे अण्णा जीप घेऊन निघाले. आई सांगते, ते रात्री दोनपर्यंत ये-जा करत होते. माणसे शाळेच्या वरच्या मजल्यावर सोडायची आणि परत फिरायचे. रिक्षा, टेम्पो, मोटारी जागोजाग बंद पडल्या होत्या. आमची जीप बंद पडली नाही.

ती का बंद पडली नाही हे मला त्या मे महिन्यात, इंजिनासमोर उभे राहून, कळले. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते. डिस्ट्रिब्यूटरमध्ये पाणी शिरले की ठिणगी जाते आणि गाडी थांबते. म्हणूनच लष्कर खोल पाण्यात जीप घालण्याआधी डिस्ट्रिब्यूटर आणि तारा लेप लावून बंद करी. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी नसते. ते दाबाने पेटते. हवा ओढणारे तोंड पाण्याच्या वर राहिले, की ते चालत राहते. १९८६ साली पेट्रोल परवडत नव्हते म्हणून माझ्या बापाने संहितेत जो प्रक्षेप केला, त्याने एकोणीस वर्षांनी त्या रात्री माणसे बाहेर काढली. जीप मूळ रूपात असती, तर ती कामवारीच्या काठी इतर गाड्यांसारखी उभी राहिली असती.

आमचे आठही माग त्या पुरात बुडाले. अण्णांना ते पुन्हा चालू करायला सहा महिने लागले. जीपेबद्दल त्यांनी पुढे कधी काही सांगितले नाही.

५

जूनमध्ये शेड साफ करताना, मागच्या भिंतीशी, बीमच्या लाकडी चौकटींखाली, गोणपाटात बांधलेले काहीतरी जड हाताला लागले. दोघांनी मिळून ओढून काढले. आत इंजिन होते. सुतळीने सात-आठ वेढे घातलेले, सर्व तोंडे लाकडाच्या खुंट्यांनी बंद केलेली, आणि सारे अंग जाड ग्रीसने माखलेले. अण्णांनी काढलेले फेकले नव्हते. चौतीस वर्षे ते तिथे जपून ठेवलेले होते, आणि पुराच्या पाण्याखालीही राहून गेले होते.

फोर्डच्या चासीला फोर्डचेच इंजिन असणार, असे गृहीत धरून मी पुढच्या बाजूचा क्रमांकाचा चौथरा रॉकेलने पुसला. क्रमांकाआधीची अक्षरे दिसली: एमबी. इंजिन विलीजचे होते.

म्हणजे अण्णांनी १९८६ मध्ये जे मूळ म्हणून काढून जपले, तेही या चासीवर नंतर आलेलेच. युद्धात कुठल्या तळावर, किंवा नंतर ठेकेदाराच्या आधी कोणाच्या हातून, फोर्डच्या चासीत विलीजचे इंजिन बसले होते. मी ज्याला तळाचा थर समजत होतो, त्याच्याखाली आणखी एक थर होता आणि तो आता कुठेच नाही.

इंजिन जाम होते. नदीनाक्यापाशी एका चाचांचे लेथचे दुकान आहे. मागांचे शाफ्ट, दाते झिजलेली चाके, पिना असले काम ते चाळीस वर्षे करत आले आहेत. कारखाने बंद असल्याने त्यांच्याकडेही काम नव्हते. त्यांनी सिलिंडरमध्ये डिझेल आणि रॉकेल भरून ठेवायला सांगितले. रोज सकाळी हँडल लावून थोडा जोर द्यायचा आणि सोडून द्यायचे. बाराव्या दिवशी क्रँक बोटभर हलला. हेडचे दोन बोल्ट तुटले. चाचांनी ते ड्रिल करून काढले आणि नवे आटे पाडले. सिलिंडरना स्लीव्ह टाकावे लागले. पिस्टन आणि रिंगा कुर्ल्याच्या बाजारात मिळाल्या, त्याचे कारण सांगण्यासारखे आहे. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीज जीपांची जुळणी सुरू केली आणि पुढे वर्षानुवर्षे त्या इथेच बनवल्या. त्यांच्या सीजे-३बी या जीपेचे इंजिन वरच्या भागात निराळे असले, तरी खालून याच घराण्याचे. पिस्टनचा व्यास तोच, सव्वातीन इंचांना थोडा कमी. म्हणून ऐंशी वर्षांपूर्वीच्या अमेरिकी इंजिनाला कुर्ल्यात पिस्टन मिळतो. कार्बोरेटर सडलेला होता; त्याजागी देशी जीपांवर येणारा सोलेक्स बसवला.

या कामात मी चाचांना वारंवार विचारत असे, हे मूळचे आहे का, ते मूळचे आहे का. एकदा ते काम थांबवून म्हणाले, "मास्तर, तुमच्या अण्णांचे माग कुठले होते?"

मी म्हटले, "ब्लॅकबर्नचे. नाव ओतलेले होते ना त्यांच्यावर."

"नाव होते. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या मिलमधून भंगारात आले, तेव्हा मीच उभे केले त्यांना. नावाची बाजू तेवढी विलायतेची. शाफ्ट माझा, चाके माझी, धोट्याची पेटी इथल्या सुताराची. तरी अण्णा ब्लॅकबर्नच म्हणायचे, आणि कापड तर बरोबर निघायचे."

त्यांचे म्हणणे मला पटले असे म्हणता येणार नाही. कापड निघणे आणि ब्लॅकबर्नचा माग असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक सांभाळणे हेच संपादकाचे काम आहे. पण उत्तर मला त्या वेळी देता आले नाही.

६

भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती शिकवताना दरवर्षी वर्गात एक क्षण येतो. १९१९ ते १९६६ या काळात बाराशेहून अधिक हस्तलिखिते ताडून ती सिद्ध झाली, हे विद्यार्थी शांतपणे लिहून घेतात. मग मी सांगतो, की व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहिले ही कथा मुख्य संहितेत नाही. वर्ग अस्वस्थ होतो. "गणपतीच काढला?" असे कोणी तरी विचारते. मी म्हणतो, काढला नाही, परिशिष्टात ठेवला. वि. स. सुकथनकरांनी आपण व्यासांची मूळ संहिता हाती देत आहोत असा दावा कधी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जेथवर मागे जाता येते तेथवरचे रूप, एवढेच ते म्हणत. आणि जे वगळले ते तळटिपांत, परिशिष्टांत, क्रमांक घालून जपले.

हे मी वीस वर्षे सांगत आलो, आणि घरामागच्या जीपेपुढे मात्र मला मूळच हवे होते. माझी दृष्टी सुकथनकरांपेक्षा एखाद्या अतिउत्साही भक्ताची होती. अण्णांच्या मात्र काढलेले इंजिन फेकायचे नसते हे कोणी न शिकवता ध्यानात आले होते.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे जो तिच्यात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे, असा इशारा दिला. पण शुद्ध करणाऱ्याचा हातही संहितेला लागतोच. १९०९ मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक वेगळी प्रत छापली, तेव्हा नाथांनी शुद्ध केलेली प्रत हाही पाठपरंपरेतला एक थरच ठरला. मी जीपेला हिरवा रंग देणार होतो. तो पिवळ्यावरचा आणखी एक थर झाला असता, २०२० सालचा, मराठीच्या एका प्राध्यापकाचा.

मग नियम काय धरायचा? काही तरी धरणे भाग होते, कारण इंजिन एकच बसते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले, चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले वाहन 'व्हिंटेज' ठरते. नोंदणीचे वीस हजार रुपये, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे, आणि रस्त्यावर येण्याची मुभा प्रदर्शन, फेरी, संशोधन, इंधन भरणे वा दुरुस्ती एवढ्यापुरती. डिझेलसह आमची जीप यात बसत नव्हती हे स्पष्टच. विलीजच्या इंजिनासह बसेल का? फोर्डची चासी, विलीजचे इंजिन, मुंबईचा टब. नियमाच्या भाषेत मूळ रूप एकवचनी आहे. आमच्या जीपेला ते कधी होते की नाही, याचाच निर्णय लागत नव्हता. मी अर्ज केला नाही.

शेवटी मी ठरवले, की १९७४ साली ठेकेदाराने अण्णांच्या हाती दिली ती जीप, एवढ्या मागे जायचे. त्यापलीकडचा पुरावा तुटक आहे. म्हणून विलीजचे इंजिन परत घातले; ते या चासीवर आधी कोणाचे होते याची चौकशी करायची नाही. टब तसाच ठेवला. उजव्या दिव्याची दरवाज्याची बिजागरी तशीच ठेवली. बॉनेटवर नखाएवढी हिरवी जागा आणि चांदणीचे टोक वार्निश लावून उघडे ठेवले, बाकी निळा. चांदणी पुरती रंगवली नाही. मॅटेडोरचे इंजिन ग्रीस लावून, तोंडे खुंट्यांनी बंद करून, गोणपाटात बांधले आणि भिंतीशी अण्णांच्याच जागी ठेवले. त्यावर एक चिठ्ठी बांधली: १९८६ ते २०११, २६ जुलै २००५.

राहिली पायरी. माझ्या नियमाने ती जायला हवी होती. १९७४ मध्ये ती नव्हती. कटर आणून मी उजव्या बाजूला बसलो तेव्हा आई शेडच्या दारात येऊन उभी राहिली.

"काय कापतोस?"

"पायरी. ती मागाहून लावलेली आहे, आई. ठेवणार आहे जपून, फेकणार नाही."

"जपून कुठे ठेवणार?"

"भिंतीशी. इंजिनाशेजारी."

"आणि मी चढू कशी?"

मी तिला नियम समजावून सांगितला. तिने तो पुरता ऐकून घेतला. मग म्हणाली, "लढाईतली जीप तुझी असेल. मी त्या जीपेत कधी बसलेच नाही."

मी तासभर तिथे बसलो. एका पायरीसाठी नियम मोडला तर संपादकाचा नियमच उरत नाही, हे मी विद्यार्थ्यांच्या शोधनिबंधांवर लिहिलेले आहे आणि ते खरे आहे असे आजही मला वाटते. पायरी ठेवण्याचे समर्थन म्हणून मला अनेक युक्तिवाद सुचले आणि त्यांतला एकही टिकण्यासारखा नव्हता. वहीत, सर्व बदलांच्या यादीच्या शेवटी, मी एवढेच लिहिले: पायरी, १९८३, मुख्य संहितेत ठेवली, कारण नोंदवता येत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये एका रविवारी सकाळी, चाचा कार्बोरेटरशी आणि मी हँडलशी, असे उभे होतो. पाचव्या फेऱ्यात इंजिन एकदा खोकले, सातव्यात धरले. निळा धूर शेडभर झाला. तो आवाज मी अकरा-बारा वर्षांचा असताना शेवटचा ऐकला होता. मला तो आठवत असेल असे वाटले नव्हते. आई लुगड्याचा पदर नाकाला लावून आली, उजव्या बाजूने गेली, पायरीवर पाय ठेवला आणि बसली. कागदपत्रांशिवाय रस्त्यावर जाता येत नव्हते, म्हणून शेडपासून फाटकापर्यंत गेलो आणि पहिला गिअर सोडून मागे आलो. साठ-सत्तर फूट असेल.

उतरताना तिने खाली पाहून सांगितले, की तेल गळते आहे. गळत होते, मागच्या सीलमधून. ते अजून थांबलेले नाही.